४० मीटर की ८० मीटर? घरात बसून पोकेमॉन गो खेळण्याचं प्रकरण

आमच्या बाल्कनीपासून गल्लीच्या तोंडाशी असलेलं मारुतीचं देऊळ नकाशावर मोजलं तर साधारण ६० मीटरवर येतं. एरवी हे ६० मीटर कुणाच्या खिजगणतीत नसते. पण पोकेमॉन गो खेळणाऱ्या माणसाला ते पाठ असतात, कारण ते देऊळ म्हणजे खेळातला एक पोकेस्टॉप आहे. खेळाचं वर्तुळ ४० मीटरचं असेल तर मला चप्पल घालून खाली उतरावं लागतं, ८० मीटरचं असेल तर चहाचा कप हातात ठेवून बाल्कनीतूनच काम होतं. ऑगस्ट २०२१मध्ये याच दोन आकड्यांवरून जगभरचे खेळाडू आणि खेळ बनवणारी नायँटिक ही कंपनी समोरासमोर आले आणि २५ दिवसांत कंपनीने माघार घेतली. दीड वर्षानंतर तिने दुसऱ्या दाराने तीच गोष्ट पुन्हा आणली आणि त्या वेळी मात्र ती हटली नाही. पहिल्या वेळी खेळाडू का जिंकले आणि दुसऱ्या वेळी का हरले, हे मला बरेच दिवस कुठेतरी नीट लिहून काढायचं होतं.

खेळ कसा चालतो

न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात. मोबाईलच्या पडद्यावर आपल्या आजूबाजूचा खरा नकाशा दिसतो आणि आपण चालू तसा त्यातला बाहुला चालतो. वाटेत पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी दिसतात, ते बॉल टाकून पकडायचे. बॉल संपले की पोकेस्टॉपजवळ जाऊन त्याची चकती फिरवायची, मग बॉल मिळतात. पाच मिनिटांनी तोच स्टॉप पुन्हा फिरवता येतो. जिम नावाच्या जागी आपला पोकेमॉन पहाऱ्याला बसवला तर नाणी मिळतात, पण दिवसाला जास्तीत जास्त ५०. आणि जिमवर अधूनमधून ‘रेड’ येते: एक मोठा पोकेमॉन ४५ मिनिटं ठाण मांडून बसतो आणि त्याला अनेकांनी मिळून हरवायचं असतं. तो लेजेंडरी, म्हणजे दुर्मिळ आणि फार ताकदवान असेल तर एकट्यादुकट्याचं काम नाही.

हे स्टॉप आणि जिम म्हणजे देवळं, पुतळे, कारंजी, बागांचे दरवाजे, भिंतीवरची चित्रं. त्यांची यादी आली कुठून, हा या प्रकरणातला महत्त्वाचा धागा आहे. नायँटिक २०१०मध्ये गूगलच्या आत सुरू झाली. तिचा प्रमुख जॉन हँकी हा कीहोल या कंपनीच्या संस्थापकांपैकी, म्हणजे ज्या तंत्रातून पुढे गूगल अर्थ झालं त्या घरातला. २०१२मध्ये या मंडळींनी इन्ग्रेस नावाचा खेळ आणला. त्यातल्या ‘पोर्टल’च्या जागा मोठ्या प्रमाणात खेळाडूंनीच फोटो काढून सुचवलेल्या होत्या. २०१५मध्ये नायँटिक गूगलमधून वेगळी झाली, जुलै २०१६मध्ये पोकेमॉन गो आला आणि इन्ग्रेसची ती यादी त्याच्या खाली अंथरली गेली. परिणाम उघड आहे. जिथे आधी इन्ग्रेस खेळणारे होते तिथे स्टॉपांची खैरात झाली. जिथे नव्हते तिथे नकाशा कोराच राहिला. पुण्यात शनिवारवाड्याच्या आसपास दहा पावलांवर काहीतरी सापडतं आणि संगमनेरजवळच्या एका गावात राहणाऱ्या माझ्या मित्राला सर्वांत जवळचा स्टॉप तीन किलोमीटरवर.

भारतात खेळ अधिकृतपणे डिसेंबर २०१६मध्ये जिओच्या सोबतीने आला आणि रिलायन्स डिजिटलची दुकानं स्टॉप किंवा जिम झाली. दुकानं पण शहरातच.

४० मीटर

स्टॉप फिरवायला त्याच्यापासून ४० मीटरच्या आत असावं लागे. उघड्या आभाळाखाली मोबाईलचा जीपीएस पाचेक मीटर इकडेतिकडे असतो, उंच इमारतींच्या गर्दीत मात्र तो कित्येक मीटर भरकटतो. घरात बसलं की बाहुला आपोआप भिंतीतून बाहेर जाऊन परत येतो, हे प्रत्येक खेळाडूने पाहिलेलं असतं. आम्ही त्याला ‘फिरायला गेला’ म्हणायचो. तेव्हा ४० मीटर हा आकडा तसा सोयीचा होता: भरकटलेला जीपीएस चालवून घ्यायचा, पण माणूस जागेवर यायला हवा.

याच ४० मीटरचा आणखी एक अवतार आहे. २०१६मध्ये खेळ आला तेव्हा अमेरिकेत लोकांच्या अंगणात अनोळखी माणसं घुसू लागली आणि घरमालक कोर्टात गेले. २०१९च्या तडजोडीत नायँटिकने तक्रारी लवकर निकाली काढण्याचं कबूल केलं, आणि स्वतंत्र घराच्या मालकाची तक्रार असेल तर त्याच्या हद्दीत किंवा हद्दीपासून ४० मीटरच्या आत असलेल्या स्टॉपबद्दल विशेष तरतूद झाली. म्हणजे कोर्टापुढच्या कागदावरही हे वर्तुळ उतरलं होतं: स्टॉप जिथे आहे तिथून इतक्या अंतरात माणसं येऊन उभी राहणार, हे कंपनीने मान्य केलेलं. आपल्याकडे सप्टेंबर २०१६मध्ये गुजरात उच्च न्यायालयात जी याचिका गेली तिचा मुद्दा निराळा होता. धार्मिक स्थळी खेळातली अंडी (ठरावीक अंतर चाललं की फुटून ज्यांतून पोकेमॉन निघतो ती) दिसतात यावर आक्षेप होता. पण मूळ दुखणं तेच: या खेळात कुणीतरी प्रत्यक्ष येऊन उभं राहतं.

मार्च २०२०

मग बाहेर पडणंच बंद झालं. २२ मार्चचा जनता कर्फ्यू, २५ मार्चपासून टाळेबंदी. चालण्यावर उभ्या असलेल्या खेळाचं काय होणार, असं सगळ्यांना वाटलं होतं. इथे कंपनीला शाबासकी द्यायला हवी, कारण तिने फार पटकन हालचाल केली. १५ मार्चचा कम्युनिटी डे, म्हणजे सगळ्यांनी बाहेर जमून खेळायचा दिवस, पुढे ढकलला. पोकेमॉनना आकर्षित करणारे इन्सेन्स एका नाण्याला ३० असे वाटले आणि एक इन्सेन्स तासभर टिकू लागला. अंडी फुटायला लागणारं अंतर निम्मं केलं. ऑनलाइन लढतींसाठी आधी पाच किलोमीटर चालावं लागे, ती अट काढून टाकली. स्टॉपचं वर्तुळ ४०वरून ८० मीटर झालं. आणि एप्रिलच्या अखेरीस आला रिमोट रेड पास: १०० नाण्यांचा. जवळपास दिसणाऱ्या रेडमध्ये घरूनच उतरायचं. त्याच वर्षी पुढे मित्रांना आमंत्रण पाठवण्याची सोय झाली, म्हणजे टोकियोतली रेड पुण्यातून मारता येऊ लागली.

टाळेबंदीच्या त्या काळात मी बाल्कनीत बसून देवळाचा स्टॉप दर पाच मिनिटांनी फिरवायचो. खालच्या मजल्यावरचे काका रोज विचारायचे, “काय रे, ऑफिसचं काम का?” मी मान डोलवायचो.

ताईचा उद्योग मात्र वरचढ होता. ॲप बंद असतानाही पावलं मोजणारी ॲडव्हेंचर सिंक ही सोय २०१८पासून होतीच. ताईने मोबाईल भाच्याच्या पाळण्याला बांधला. अर्ध्या तासाने भाचा झोपला आणि अंडं फुटलं. हे नियमाच्या पुस्तकात कुठे बसतं मला माहीत नाही, पण असे पाळणे जगभर होते. कुणी पंख्याला बांधायचं, कुणी खेळण्यातल्या आगगाडीवर ठेवायचं. (टाळेबंदीआधी पुण्यात याची गरज नसे. अंड्याचं अंतर साधारण ताशी १० किलोमीटरच्या आतल्या वेगालाच मोजलं जातं आणि संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर स्कूटर त्याहून वेगाने जातच नाही.)

पैशांच्या बाजूनेही कंपनीचं काही बिघडलं नाही. ॲपच्या कमाईचे अंदाज बांधणाऱ्या सेन्सर टॉवर या कंपनीनुसार २०२०मध्ये खेळाने १ अब्ज डॉलरच्या वर कमाई केली. जगातले लोक घरात कोंडलेले असताना, घराबाहेर पडून खेळण्याच्या खेळाचं हे वर्ष!

निर्णय आणि उठाव

२०२१च्या जूनमध्ये कंपनीने सांगितलं की महामारीच्या काळातल्या काही सवलती आता काढणार. सुरुवात अमेरिका आणि न्यूझीलंडपासून. १ ऑगस्टला त्या दोन देशांत वर्तुळ पुन्हा ४० मीटरचं झालं. बदल्यात काही गोडी होती: नवा स्टॉप पहिल्यांदा फिरवला तर दहापट गुण, दिवसाला एकाऐवजी दोन फुकट रेड पास, चालताना इन्सेन्सला जास्त पोकेमॉन. हेतू कंपनीने लपवला नव्हता: खेळाचा भर पुन्हा प्रत्यक्ष जगात फिरण्यावर आणायचा.

वेळ मात्र विलक्षण चुकीची निवडली. अमेरिकेत त्याच आठवड्यांत डेल्टा विषाणूचे रुग्ण वाढत होते. न्यूझीलंडमध्ये १७ ऑगस्टच्या मध्यरात्रीपासून देशभर कडक टाळेबंदी लागली. ज्या दोन देशांवर प्रयोग केला त्यांतला एक तर दोन आठवड्यांत कुलपात गेला.

खेळाडूंनी ‘हिअर अस नायँटिक’ हा हॅशटॅग चालवला. यूट्यूबवर खेळाबद्दल बोलणाऱ्या मोठमोठ्या लोकांनी एकत्र येऊन कंपनीला खुलं पत्र लिहिलं. ५ ऑगस्टला काहींनी खेळ बंद ठेवून बहिष्कार पाळला. त्याच दिवशी कंपनीचं उत्तर आलं: आम्ही आमच्यातल्या वेगवेगळ्या विभागांचा गट बसवतो, १ सप्टेंबरपर्यंत निष्कर्ष कळवतो. पण तोवर थांबायची वेळ आली नाही. २५ ऑगस्टला जाहीर झालं की इथून पुढे ८० मीटर हेच मूळ अंतर, सगळ्या जगासाठी.

आमच्याकडे भारतात मुळात ४० मीटर परत आलेच नव्हते. आम्ही बाल्कनीतून दुसऱ्यांची लढाई पाहिली आणि तिचं फळ खाल्लं.

आकड्यांच्या आत

आता या दोन आकड्यांकडे नीट पाहू, कारण वादात बहुतेकांनी ‘दुप्पट’ हा शब्द वापरला आणि तो फसवा आहे. त्रिज्या दुप्पट झाली की वर्तुळाचं क्षेत्र चौपट होतं. ४० मीटरच्या वर्तुळात साधारण ५० गुंठे येतात, ८० मीटरच्या वर्तुळात २००. शेतकऱ्याच्या भाषेत, एका जागी उभं राहून आधी सव्वा एकर हाताखाली होता, आता पाच एकर झाला.

त्यात स्टॉप मांडण्याचा नियम मिळवा. नकाशा चौकोनांत कापलेला असतो आणि सुमारे ७० मीटर बाजूच्या एका चौकोनात एकच स्टॉप किंवा जिम दाखवला जातो. म्हणजे ४० मीटरचं वर्तुळ असताना सहसा एका जागी एखादा, फार तर दोन स्टॉप हाताला लागत. दुसरा हवा तर चालायला लागे. ८० मीटरला मात्र दाट वस्तीत एकाच बाकावरून चार-पाच स्टॉप फिरतात. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. बागेतला बाक म्हणजे पिठाची गिरणी झाली: बसायचं आणि दळत राहायचं. चालण्याच्या खेळाचा मालक म्हणून हे चित्र पाहून कुणीही अस्वस्थ होईल. मला कंपनीची ही चिंता खरी वाटते आणि त्या वेळच्या आरडाओरड्यात तिला कुणी दाद दिली नाही.

पण खेळाडूंच्या बाजूने जे पुढे आलं ते जास्त वजनदार होतं. व्हीलचेअरवरचा माणूस पायऱ्या चढून कारंज्यापर्यंत जाऊ शकत नाही, त्याला ८० मीटरमुळे रस्त्यावरूनच स्टॉप मिळत होता. लहान मूल कडेवर असलेल्या आईला रहदारीचा रस्ता ओलांडायची गरज राहिली नव्हती. देवळात गर्दी असताना, शाळेच्या फाटकाशी, कुणाच्या खिडकीसमोर उभं राहायला नको होतं. यातली एकही गोष्ट साथीच्या रोगाशी बांधलेली नाही. २०१६मध्येही व्हीलचेअर होती, २०१६मध्येही रहदारी होती. साथ आली म्हणून वर्तुळ मोठं झालं आणि तेव्हा कळलं की ते आधीपासूनच अनेकांना तोकडं पडत होतं. कोर्टातली ती ४० मीटरची तडजोड आठवा: ज्या घरमालकांना आपल्या दारात माणसं नको होती, त्यांचंसुद्धा वर्तुळ मोठं केल्याने भलंच होत होतं.

म्हणून माझं मत असं की कंपनीला खेळ काय आहे हे बरोबर कळलं होतं, पण ते साधायला तिने चुकीचा खिळा ठोकला. ४० ते ८० मीटर या फरकातून कुणी घरात बसत नाही. मी बाल्कनीतून एक स्टॉप फिरवतो, पण तेवढ्याने खेळ भागत नाही. बॉल मिळतात, नवीन पोकेमॉन, जिम, रेड यासाठी खाली उतरावंच लागतं. घरात बसून जो खरोखर पूर्ण खेळ खेळला जात होता तो वर्तुळाने नव्हे, रिमोट रेड पासने.

संगमनेरचा मित्र

त्याला मी २०२१च्या ऑगस्टमध्ये मोठ्या उत्साहाने फोन केला, आपण जिंकलो म्हणून. तो हसला. “तुमचे ४० काय आणि ८० काय, माझा स्टॉप तीन किलोमीटरवर आहे. मला त्याचं काय सोयरसुतक?”

ते बरोबर होतं. ८० मीटरची लढाई शहरी माणसाची लढाई होती. त्याचा खेळ चालत होता तो रिमोट पासवर. रात्री शेतावरून आला की कुणीतरी जपानमधून किंवा जर्मनीतून आमंत्रण पाठवायचं, तो दोन रेड मारायचा. २०१६पासून ज्या लेजेंडरी पोकेमॉनचे फक्त फोटो पाहिले होते, ते त्याच्याकडे आले. आम्ही मात्र संभाजी बागेपाशी व्हॉट्सॲपवरून वेळ ठरवून जमायचो, वीसजण एका झाडाखाली, आणि आम्हाला वाटायचं खेळ म्हणजे हेच.

पासची नाणी दोन मार्गांनी मिळतात: विकत घ्या, किंवा जिमवर पोकेमॉन बसवून दिवसाला ५० मिळवा. म्हणजे १०० नाण्यांचा एक पास दोन दिवसांच्या पूर्ण पहाऱ्यावर. पण जिमवर बसवायला जिमपाशी जायला हवं! ज्याला जिम जवळ आहे त्याला पास फुकटात पडतो आणि पासची त्याला सर्वांत कमी गरज असते. ज्याला जिम दूर, त्याने रोकडा मोजायचा. मित्र तालुक्याच्या गावी बाजाराला गेला की जिमवर एक पोकेमॉन बसवून यायचा, बाकीचे पैसे भरायचा.

दुसऱ्या दाराने

३० मार्च २०२३ला कंपनीने जाहीर केलं की ६ एप्रिलपासून एक रिमोट पास १००ऐवजी १९५ नाण्यांना, तिनाचा गठ्ठा ३००ऐवजी ५२५ला, आणि दिवसाला जास्तीत जास्त पाच रिमोट रेड. कारण दिलं ते २०२१च्या धाटणीचंच: रिमोट रेडने खेळाचा इतका ताबा घेतलाय की तसं होऊ द्यायचा आमचा विचार कधीच नव्हता. त्याआधी २०२२च्या ऑक्टोबरपासून ‘एलिट रेड’ येऊ लागल्या होत्या, ज्यांत प्रत्यक्षच जावं लागे. मे २०२३मध्ये शॅडो रेड आल्या, त्याही सुरुवातीला प्रत्यक्षच.

पुन्हा तोच हॅशटॅग, पुन्हा पत्रं, पुन्हा बहिष्काराच्या हाका. या वेळी कंपनी हलली नाही.

फरक कुठे पडला? मला तीन गोष्टी दिसतात आणि पहिली सर्वांत मोठी आहे. २०२१मध्ये कंपनीने प्रत्येक खेळाडूच्या हातातून रोज वापरात असलेली गोष्ट काढली, तीही फुकट गोष्ट. लहान पोरापासून आजोबांपर्यंत प्रत्येकाने १ ऑगस्टला स्टॉपवर बोट ठेवलं आणि तो फिरला नाही. २०२३मध्ये तिने विकतच्या वस्तूची किंमत वाढवली. रिमोट पास न वापरणारे खूप होते, त्यांना काही झळ लागली नाही, उलट काहींना बागेतली गर्दी परतेल अशी आशा वाटली. मीही त्यातलाच, हे कबूल करतो. दुसरं, २०२१मध्ये साथ चालू होती आणि आरोग्य हा शब्द खेळाडूंच्या बाजूने होता. २०२३मध्ये तो आधार संपला होता. तिसरं, दोन देशांत आधी प्रयोग करून कंपनीने २०२१मध्ये आपणहून तुलनेला जागा दिली. ऑकलंडच्या माणसाला ४० आणि पुण्याच्या माणसाला ८०, हे दिसलं की कुणालाही अन्याय वाटणारच. २०२३चा बदल सगळीकडे एकाच दिवशी आला.

त्याच वर्षी जूनच्या अखेरीस नायँटिकने २३० कर्मचारी कमी केले आणि दुसरे दोन खेळ गुंडाळले. तेव्हा ती पैशासाठी किंमत वाढवत होती, असं अनेकजण म्हणाले. पण नुसता पैसाच हवा असता तर हातोहात खपणाऱ्या पासवर दिवसाला पाचची मर्यादा कशाला घातली असती? गिऱ्हाईक पैसे देतंय आणि दुकानदार म्हणतोय पुरे, असं नुसत्या लोभाने होत नाही.

नकाशा

याचं उत्तर मला २०२५मध्ये मिळाल्यासारखं वाटलं. मार्चमध्ये नायँटिकने पोकेमॉन गोसह आपला खेळांचा धंदा स्कोपली या कंपनीला ३.५ अब्ज डॉलरला विकण्याचा करार केला. स्कोपली ही सौदी अरेबियाच्या सॅव्ही गेम्सच्या मालकीची. जॉन हँकी मात्र खेळाबरोबर गेला नाही. त्याने नायँटिक स्पेशियल नावाची नवी कंपनी घेतली, तिच्याकडे इन्ग्रेस राहिला आणि राहिलं ते नकाशाचं तंत्र. २०२०पासून खेळात स्टॉपभोवती मोबाईल फिरवून व्हिडिओ काढायची कामं दिली जात होती. बदल्यात थोडं बक्षीस मिळे. नोव्हेंबर २०२४मध्ये कंपनीने सांगितलं की अशा चित्रणांवरून जगाच्या जागा ओळखणारं एक मोठं मॉडेल ती घडवत आहे.

म्हणजे खेळ विकला, नकाशा ठेवला. आता मागे वळून पाहिलं तर २०२१चा तो हट्ट मला वेगळा दिसतो. हा माझा तर्क आहे, कंपनीने तसं म्हटलेलं नाही. बाल्कनीतून स्टॉप फिरवणारा माणूस कंपनीला पैसे देतो, पण देवळाच्या भिंतीचं चित्रण देत नाही. त्यासाठी त्याला भिंतीपाशी न्यावं लागतं. कीहोलपासून हँकीची सगळी कारकीर्द नकाशाभोवती फिरली आहे. त्याच्या दृष्टीने घरात बसलेला खेळाडू म्हणजे न भरलेला चौकोन. लोकांनी चालावं, निसर्गात जावं, भेटावं हा त्याचा आग्रह ढोंगी होता असं मी मुळीच म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

या सगळ्यात एक वर्ग असा होता ज्याला ना ४०चं सोयरसुतक ना ८०चं: खोटं स्थान दाखवणारे, म्हणजे स्पूफर. कोथरूडच्या सोफ्यावर बसून बाहुला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये. त्यांच्यासाठी नियम आहे: पहिल्यांदा सात दिवसांचा इशारा, दुसऱ्यांदा ३० दिवस बंद, तिसऱ्यांदा खातं कायमचं गेलं. फसवी ॲप बनवणाऱ्या एका गटावर नायँटिकने २०१९मध्ये अमेरिकेत दावाही लावला. पण एक साधी गोष्ट कुणी फारशी बोलत नाही: रिमोट पास स्वस्त होता तेव्हा माझ्या ओळखीतल्या दोघांनी स्पूफिंग सोडलं होतं. “दोनशे रुपयांत सरळ मार्गाने मिळतंय तर खातं कशाला घालवू,” असं त्यातल्या एकाने मला सांगितलं होतं. २०२३नंतर त्याचा बाहुला परत सेंट्रल पार्कमध्ये दिसू लागला.

संगमनेरच्या मित्राने दोन महिने १९५ नाण्यांचे पास घेतले, मग बंद केलं. खेळ त्याने पुसलेला नाही. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेला की स्टॉप फिरवतो आणि त्यातून मिळालेली भेट मला पाठवतो. भेटीवर स्टॉपचा फोटो आणि नाव असतं, बहुतेक वेळा बसस्थानकाजवळचा एकच पुतळा. मी ती सकाळी बाल्कनीत उघडतो आणि उलट त्याला मारुतीचं देऊळ पाठवतो, ६० मीटरवरून.